बेंजामिन बटलर : जप्तीतून मुक्ती

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, चेसापीक उपसागराच्या तोंडाशी, फोर्ट मन्रो नावाचा एक भक्कम दगडी किल्ला आहे. २३ मे १८६१ च्या रात्री एका लहानशा होडीतून तीन माणसे पाणी ओलांडून या किल्ल्याच्या आश्रयाला आली. फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड ही त्यांची नावे. तिघेही गुलाम होते. त्यांचा मालक कर्नल चार्ल्स मॅलरी हा बंडखोर व्हर्जिनियाच्या फौजेतला अधिकारी. त्याने या तिघांना समोरच्या किनाऱ्यावर तोफांचा मोर्चा बांधण्याच्या कामाला जुंपले होते. पुढे आपल्याला बायकामुलांपासून दूर, दुसऱ्या राज्यात धाडले जाणार अशी कुणकुण लागताच तिघांनी होडी पाण्यात लोटली. योगायोग असा, की त्याच दिवशी व्हर्जिनियाच्या मतदारांनी संघराज्यातून फुटून निघण्याच्या ठरावावर शिक्कामोर्तब केले होते.

किल्ल्याचा प्रमुख आदल्याच दिवशी रुजू झाला होता. मेजर जनरल बेंजामिन फ्रँकलिन बटलर, वय वर्षे ४२. ठेंगणा, स्थूल, टक्कल पडलेला आणि डोळ्यांत तिरळेपणा असलेला हा गृहस्थ कोणत्याही अंगाने सेनापती वाटत नसे. आणि खरोखरच तो व्यवसायाने सैनिक नव्हता. तो मॅसॅच्युसेट्समधला नामांकित वकील होता. गुलामगिरीच्या विरोधकांत त्याची गणना कधीच नव्हती. उलट, महिनाभरापूर्वीच मेरीलँडमध्ये फौज घेऊन उतरला असताना गुलामांनी उठाव केल्यास तो मोडून काढायला आपण मदत करू, असे त्याने तेथील गव्हर्नरला आपण होऊन कळवले होते. त्याबद्दल स्वतःच्या राज्याच्या गव्हर्नरकडून त्याला कानपिचक्याही मिळाल्या होत्या.

आणि आता हे तीन गुलाम त्याच्यासमोर उभे होते. परागंदा गुलामांना मालकाच्या स्वाधीन केलेच पाहिजे, असे १८५० चा केंद्रीय कायदा सांगत होता. लिंकनचे सरकारही या युद्धाचा गुलामगिरीशी संबंध नाही, असे वारंवार बजावत होते. दुसऱ्या दिवशी कर्नल मॅलरीच्या वतीने मेजर कॅरी पांढरे निशाण घेऊन किल्ल्याबाहेर आला. डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनातली दोघांची जुनी ओळख होती. कॅरीने कायद्याचा हवाला देऊन गुलाम परत मागितले. बटलरने शांतपणे उत्तर दिले, की हा कायदा परक्या देशाला लागू होत नाही आणि व्हर्जिनिया तर आपण परका देश झालो असे सांगते. फुटून निघण्याचा हक्कच तुम्ही मानत नाही, तेव्हा तुमच्या लेखी आम्ही अजून संघराज्यातच आहोत, हा कॅरीचा प्रतिवादही बिनतोड होता. परंतु तुम्ही स्वतः तसे मानता ना, मग तुमच्या बोलण्याला तुम्ही बांधील आहात, असे म्हणून बटलरने त्याला अडवले. गुलाम ही मालमत्ता आहे असे दक्षिणेचे म्हणणे; ही मालमत्ता शत्रूचे मोर्चे बांधण्यासाठी वापरली जात आहे; आणि युद्धकामी वापरलेली शत्रूची मालमत्ता जप्त करता येते, हा तर युद्धाचा सर्वमान्य नियम. कर्नल मॅलरीने किल्ल्यात येऊन संघराज्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी आणि आपले गुलाम खुशाल घेऊन जावेत, अशी तयारीही त्याने दाखवली. कर्नल अर्थातच आला नाही.

माणसाला वस्तू मानणाऱ्या कायद्यावर बटलरने त्या दिवशी एका शब्दानेही टीका केली नाही. त्याने तो कायदा जसाच्या तसा स्वीकारला आणि त्याच्याच आधाराने तीन माणसे मालकाच्या हातून काढून घेतली. 'कॉन्ट्राबँड', म्हणजे युद्धात जप्तीस पात्र ठरणारा माल, हा रुक्ष शब्द काही आठवड्यांत उत्तरेतल्या वर्तमानपत्रांमधून घरोघरी पोहोचला. गुलामांपर्यंत तर तो त्याआधीच पोहोचला होता. तिघांपाठोपाठ आठ आले, मग डझनांनी, मग बायकामुलांसह कुटुंबेच्या कुटुंबे. जुलै संपेपर्यंत किल्ल्याच्या आश्रयाला सुमारे ९०० माणसे जमली होती. मोर्चे बांधणाऱ्या पुरुषांना युद्धसामग्री म्हणता येईल, पण तान्ह्या मुलांना काय म्हणायचे? हा पेच बटलरने वॉशिंग्टनला पत्र लिहून उघडपणे मांडला आणि उत्तराची वाट न पाहता सगळ्यांना ठेवून घेतले. ६ ऑगस्ट १८६१ रोजी काँग्रेसने शत्रूच्या लष्करी कामाला लावलेल्या गुलामांवरचा मालकांचा हक्क रद्द करणारा जप्तीचा कायदा केला. लिंकनची मुक्तिघोषणा अंमलात यायला त्यानंतरही जवळजवळ दीड वर्ष लागणार होते.

या चतुराईचे मूळ शोधायचे तर लोवेल या गिरणगावात जावे लागते. बटलरचा जन्म ५ नोव्हेंबर १८१८ रोजी न्यू हॅम्पशायरमधील डिअरफील्ड येथे झाला. वडील समुद्रावर व्यापार करणारे. मुलगा पाळण्यात असतानाच ते वेस्ट इंडीजमध्ये पीतज्वराने वारले. विधवा आई शार्लट पुढे मुलांना घेऊन लोवेलला आली आणि कापडगिरणीत काम करणाऱ्या मुलींसाठी तिने राहण्या-जेवणाची सोय असलेले वसतिगृह चालवायला घेतले. पहाटेच्या घंटेला उठून अंधार पडल्यावर परतणाऱ्या या मुली बेंजामिनने लहानपणापासून पाहिल्या. त्याला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत जायचे होते, पण प्रवेश मिळाला नाही. ही सल त्याने आयुष्यभर जपली आणि वेस्ट पॉइंटच्या पदवीधरांशी त्याचे पुढे कधीच पटले नाही. १८३८ मध्ये वॉटरव्हिल कॉलेजातून पदवी घेऊन तो कायद्याकडे वळला आणि १८४० मध्ये वकील झाला.

फौजदारी वकील म्हणून त्याचे नाव झपाट्याने झाले. कायद्यातली बारीकशी फट शोधून काढण्यात त्याचा हातखंडा होता आणि साक्षीदाराला उलटतपासणीत तो अक्षरशः सोलून काढी. एका गिरणी कामगार मुलीची मजुरी मालकाने बुडवली, तेव्हा त्याने वसुलीसाठी गिरणीचे जलचक्रच जप्त करवले, अशी आख्यायिका लोवेलमध्ये वर्षानुवर्षे सांगितली जात असे. चक्र थांबले की सारी गिरणीच थांबणार. मालकाने मुकाट्याने पैसे मोजले, असा तिचा शेवट. आख्यायिकेत पदरचे किती, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी फोर्ट मन्रोचा वकील त्यात स्पष्ट ओळखू येतो.

गिरण्यांत दिवसाला दहा तासच काम असावे, या मागणीचा तो पुढारी झाला. १८५१ च्या निवडणुकीत बटलरच्या बाजूने मत देणाऱ्यास कामावरून कमी केले जाईल, अशी सूचना एका गिरणीच्या दारावर लागली होती. मॅसॅच्युसेट्समध्ये स्त्रिया आणि मुलांसाठी दहा तासांचा कायदा झाला तो १८७४ मध्ये. मात्र कामगारांचा कैवारी असलेला हा वकील त्याच काळात गिरण्यांचे समभागही विकत घेत होता आणि चांगलाच श्रीमंत होत चालला होता. १८४४ मध्ये त्याने सारा हिल्ड्रेथ या रंगभूमीवरील अभिनेत्रीशी विवाह केला. प्रतिष्ठितांना हा विवाह रुचला नाही. बटलरने त्याची कधी पर्वा केली नाही.

लोवेलच्या गिरण्या दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेल्या कापसावर चालत. डेमोक्रॅटिक पक्षाचा निष्ठावंत म्हणून बटलरला त्यात वावगे वाटत नव्हते. दक्षिणेला दुखवू नये, म्हणजे संघराज्य टिकेल, हे त्याचे राजकारण. १८६० मध्ये चार्ल्स्टन येथे भरलेल्या पक्षाच्या अधिवेशनात अध्यक्षपदाचा उमेदवार निवडताना त्याने तब्बल ५७ वेळा एकाच माणसाला मत दिले. तो माणूस होता मिसिसिपीचा सिनेटर जेफर्सन डेव्हिस. वर्षभरातच डेव्हिस फुटीर राज्यांच्या कॉन्फेडरसीचा अध्यक्ष झाला आणि १८६२ संपण्यापूर्वी त्याने आपल्या या जुन्या मतदाराला पकडल्याबरोबर फासावर चढवण्याचा जाहीरनामा काढला!

हा जाहीरनामा निघण्यास कारण ठरले न्यू ऑर्लिन्स. १८६१ च्या एप्रिलमध्ये युद्ध भडकताच बटलर राज्याच्या मिलिशियाचा ब्रिगेडियर जनरल म्हणून दक्षिणेकडे निघाला होता. बाल्टिमोरमधून जाणाऱ्या सैनिकांवर दंगलखोर तुटून पडत होते, म्हणून त्याने समुद्रमार्गे अॅनापोलिस गाठले, उखडलेले रूळ आपल्याच सैनिकांतल्या कारागिरांकडून बसवून घेतले आणि वॉशिंग्टनचा रस्ता मोकळा केला. महिनाभराने बाल्टिमोरही ताब्यात घेतले. इतकी तडफ पुरेशी होती. लिंकनला डेमोक्रॅटिक पक्षातले सेनानी हवेच होते. बटलर मेजर जनरल झाला. प्रत्यक्ष रणांगणावर मात्र त्याची अकलेची पुंजी लवकर संपे. जून १८६१ मध्ये बिग बेथेल येथे त्याच्या फौजेने गोंधळात आपल्याच माणसांवर गोळीबार केला आणि पराभव ओढवून घेतला.

न्यू ऑर्लिन्स हे दक्षिणेतले सर्वांत मोठे शहर आणि कापसाचे सर्वांत मोठे बंदर. एप्रिल १८६२ अखेर फॅरागटच्या आरमाराने ते जिंकले आणि १ मे रोजी बटलर तेथे लष्करी प्रशासक म्हणून उतरला. दक्षिणेच्या बंदरांची ही कोंडी झाली म्हणूनच लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसाकडे वळल्या, मुंबईत पैशांचा पूर लोटला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या धनाढ्यांसह सारा शेअरबाजार कोसळला. असो.

शहरात बटलरचा अंमल साडेसात महिनेच टिकला, पण त्याने कमावलेले वैर शतकभर पुरले. फौजेचा औपचारिक ताबा येण्यापूर्वी टांकसाळीवरचा अमेरिकेचा ध्वज उतरवून फाडणाऱ्या विल्यम ममफर्डला त्याने त्याच टांकसाळीच्या अंगणात फाशी दिले. महापौराला कैदेत टाकले. शहरातल्या प्रतिष्ठित स्त्रिया सैनिकांच्या अंगावर थुंकत, वरून घाण ओतत; तेव्हा १५ मे रोजी त्याने आपला कुप्रसिद्ध २८ क्रमांकाचा हुकूम काढला. सैनिकाचा अपमान करणारी कोणतीही स्त्री ही धंद्याला बसलेली बाजारबसवी समजून तिला वागवले जावे, असा त्याचा आशय. अपमान जवळपास थांबले, पण अटलांटिकपलीकडेही संतापाची लाट उसळली. ब्रिटिश पंतप्रधान पामर्स्टनने पार्लमेंटमध्ये निषेध केला. दक्षिणेत त्याला 'बीस्ट' म्हणजे पशू हे नाव कायमचे चिकटले. तळाशी त्याचे चित्र रंगवलेली शौचपात्रे शहरात विकली गेली. स्त्रीच्या अब्रूचेच हत्यार करणारा तो हुकूम कोणत्याही मापाने हीनच होता.

'स्पून्स' म्हणजे चमचे, हे त्याचे दुसरे नाव. श्रीमंतांच्या घरातली चांदी त्याने लाटली, असा त्यामागचा आरोप. तो कधी सिद्ध झाला नाही. पण त्याचा भाऊ अँड्र्यू त्या काळात शहरातल्या व्यापारात अफाट पैसा करत होता आणि बटलरने त्याकडे काणाडोळा केला, हे नाकारता येण्याजोगे नाही.

त्याच साडेसात महिन्यांची दुसरी बाजू दक्षिणेतल्या कथांमध्ये सहसा येत नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये पीतज्वर दर उन्हाळ्याचा पाहुणा होता; १८५३ च्या एकाच साथीत तेथे सुमारे ८,००० माणसे दगावली होती. बटलरचे वडील याच रोगाने गेलेले. हा रोग डासांपासून होतो, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. बटलरने येणाऱ्या जहाजांवर कडक क्वारंटाइन बसवला आणि बेकार गोरगरिबांना मजुरी देऊन गटारे, कालवे आणि बाजार धुऊन काढले. त्या वर्षी पीतज्वराचे बळी बोटांवर मोजण्याइतके होते. या मजुरीसाठी आणि उपाशी लोकांच्या अन्नासाठी लागणारा पैसा त्याने बंडखोर सरकारला कर्ज देणाऱ्या धनिकांवर कर बसवून उभा केला. गरिबांना युद्धात ढकलणाऱ्यांनीच त्यांना जेवू घालावे, हा त्याचा हिशेब होता.

आणि त्याने कृष्णवर्णीयांच्या हाती बंदुका दिल्या. हेही त्याने लगेच केले नाही. त्याच्या हाताखालच्या जनरल फेल्प्सने पळून आलेल्या गुलामांच्या तुकड्या उभारायला घेतल्या, तेव्हा बटलरने त्यांना फक्त झाडे तोडण्याच्या कामाला लावण्याचा आदेश दिला. फेल्प्सने राजीनामा फेकला. पण वॉशिंग्टनहून कुमक येत नाही, हे दिसताच काही आठवड्यांत बटलरनेच शहरातल्या स्वतंत्र कृष्णवर्णीय नागरिकांना फौजेत बोलावले. २७ सप्टेंबर १८६२ रोजी 'लुइझियाना नेटिव्ह गार्ड'ची पहिली पलटण संघराज्याच्या सेवेत दाखल झाली. वर्षअखेरीपर्यंत अशा तीन पलटणी झाल्या आणि त्यांत कृष्णवर्णीय अधिकारीही होते. त्यांच्यातलाच एक कॅप्टन पिंचबॅक पुढे अल्पकाळ का होईना लुइझियानाचा गव्हर्नर झाला. डिसेंबरमध्ये परदेशी वकिलातींच्या तक्रारींना कंटाळून सरकारने बटलरला हलवले. त्याच्या जागी आलेल्या सभ्य, सुस्वभावी जनरल बँक्सने त्या कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांपैकी बहुतेकांना राजीनामे द्यायला भाग पाडले.

नाइलाज म्हणून सुरू केलेल्या गोष्टीवर बटलरची श्रद्धा कधी जडली, याची तारीख सांगता येते असे त्याचे स्वतःचे म्हणणे होते. १८६४ मध्ये तो व्हर्जिनियात 'आर्मी ऑफ द जेम्स'चा प्रमुख होता. मे महिन्यात रिचमंडवर चालून जाण्याऐवजी बर्म्युडा हंड्रेड येथे तो दोन नद्यांच्या बेचक्यात असा अडकला, की ग्रँटने आपल्या अहवालात त्याच्या फौजेला बूच मारलेल्या बाटलीची उपमा दिली. २९ सप्टेंबर रोजी न्यू मार्केट हाइट्सच्या चढावर त्याने मुद्दाम कृष्णवर्णीय पलटणी पुढे धाडल्या. काळा सैनिक लढतो की नाही, हा वाद त्याला मिटवायचा होता. दलदल आणि काट्याकुट्यांचे अडथळे ओलांडत त्यांनी टेकडी घेतली. त्या अरुंद वाटेवर शेकडो प्रेते पडली. त्यावरून जाताना आपला घोडा त्यांच्यापैकी कोणाच्या अंगावर पाय देऊ नये म्हणून आपण तो कसा जपून हाकला आणि तिथेच मनाशी काय शपथ घेतली, हे बटलरने दहा वर्षांनी काँग्रेसमध्ये सांगितले. भाषणातला भाग म्हणून त्यातला थोडा रंग वजा करावा. पण त्या दिवसाच्या पराक्रमासाठी १४ कृष्णवर्णीय सैनिकांना 'मेडल ऑफ ऑनर' मिळाले, ही नोंद सरकारी आहे. आणि तेवढ्याने समाधान न होऊन बटलरने स्वतःच्या खर्चाने न्यूयॉर्कच्या टिफनी पेढीकडून त्यांच्यासाठी वेगळे पदक पाडून घेतले, हेही खरे.

पुढच्याच महिन्यात कैद केलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांना बंडखोर आपल्या तटबंदीवर तोफांच्या माऱ्यात राबवत असल्याचे कळले. बटलरने तितकेच बंडखोर कैदी आणून डच गॅपच्या कालव्यावर, त्यांच्याच तोफांच्या टप्प्यात खोदकामाला लावले. थोड्याच दिवसांत पलीकडच्या कैद्यांना तटबंदीवरून हलवण्यात आले आणि बटलरने आपलेही मागे घेतले.

सेनापती म्हणून त्याचा शेवट मात्र हास्यास्पद झाला. डिसेंबर १८६४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या फोर्ट फिशरचा तट पाडण्यासाठी २०० टनांहून अधिक दारू भरलेले जहाज त्याने किनाऱ्याजवळ उडवले. किल्ल्याचा चिराही हलला नाही. किल्ला अभेद्य आहे, असे ठरवून तो फौज घेऊन परतला. लिंकनची फेरनिवड झालेली होती, आता बटलरला सांभाळण्याचे राजकीय कारण उरले नव्हते. ग्रँटने त्याला घरी पाठवले. काँग्रेसच्या समितीपुढे तो किल्ल्याची अभेद्यता पटवून देत असतानाच तो पडल्याची बातमी येऊन थडकली.

वर्दी उतरली आणि बटलर पुन्हा आपल्या खऱ्या रणांगणात आला. १८६७ मध्ये तो रिपब्लिकन म्हणून प्रतिनिधिगृहात दाखल झाला. १८६८ मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनवरच्या महाभियोगात सरकारपक्षाचे आरंभीचे भाषण त्याचेच होते. घोडेचोराचा खटला चालवावा तशा थाटात त्याने ते काम चालवले, आणि सिनेटमध्ये जॉन्सन एका मताने सुटला. यात बटलरच्या आक्रस्ताळेपणाचाही वाटा होता, असे त्याच्या बाजूच्या लोकांनाही वाटे.

दक्षिणेत तेव्हा 'कू क्लक्स क्लॅन'चे बुरखाधारी मुक्त झालेल्या माणसांना रात्री घरातून ओढून मारत होते. बटलरला याची खबर घरातूनही मिळे. त्याची मुलगी ब्लँच हिचा पती अॅडलबर्ट एम्स हा मिसिसिपीचा सिनेटर होता आणि पुढे गव्हर्नर झाला. तेथील सशस्त्र टोळ्यांनी १८७५ ची निवडणूक दहशतीने जिंकून त्याला पायउतार होण्यास भाग पाडले. क्लॅनविरोधी कायद्याचा पहिला मसुदा बटलरने केला. तो फेटाळला गेला, पण त्याच प्रयत्नातून १८७१ चा कायदा झाला. सरकारी अधिकाराच्या आड राहून कोणी नागरिकाचे हक्क हिरावले तर त्याला केंद्रीय न्यायालयात खेचण्याची त्यातली तरतूद आजही जिवंत आहे. पोलिसी अत्याचाराविरुद्धचे अमेरिकेतले असंख्य दावे तिच्याच आधारे दाखल होतात.

चार्ल्स सम्नर या थोर सिनेटरने मांडलेले नागरी हक्कांचे विधेयक त्याच्या मृत्यूनंतर प्रतिनिधिगृहातून पार नेण्याचे काम बटलरने केले. १८७४ च्या निवडणुकीत तो स्वतः हरला होता. नवे सभागृह बसायच्या आत, शाळांविषयीचे कलम सोडून देऊन त्याने विधेयक मंजूर करून घेतले आणि १ मार्च १८७५ रोजी ग्रँटची त्यावर सही झाली. खानावळी, आगगाड्या, नाट्यगृहे येथे वर्णभेद करण्यास आता बंदी होती. दोनच वर्षांपूर्वी पुण्यात महात्मा फुले यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला होता. त्या लोकांत हा लोवेलचा वकील फुल्यांच्या नजरेसमोर असेल असे नाही; पण त्या औदार्याला कायद्याचे रूप देण्याची धडपड वॉशिंग्टनमध्ये त्याच सुमारास चालू होती. ऑक्टोबर १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा आठ विरुद्ध एक मताने रद्द केला. तसा कायदा पुन्हा व्हायला १९६४ साल उजाडावे लागले.

दरम्यान बटलरने आणखी दोन पक्ष बदलले होते. कागदी चलनाचा पुरस्कार करणाऱ्या 'ग्रीनबॅक' चळवळीत तो शिरला, डेमोक्रॅटिक पक्षात परतला आणि अनेक अपयशी प्रयत्नांनंतर १८८२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर निवडून आला. त्याची मते गिरणी कामगारांची आणि आयरिश स्थलांतरितांची होती. बोस्टनच्या उच्चभ्रूंना तो दृष्टीसमोर नको असे. गव्हर्नरला सन्माननीय डॉक्टरेट देण्याची हार्वर्डची जुनी प्रथा. ती त्या वर्षी विद्यापीठाने मोडली. बटलरने आपल्या परीने उत्तर दिले. स्त्रियांच्या तुरुंगाची प्रमुख म्हणून त्याने युद्धात नावाजलेली परिचारिका क्लारा बार्टन हिची नेमणूक केली. टूक्सबरीच्या सरकारी अनाथालयातल्या बेपर्वाईची चौकशी लावून त्याने राज्य हादरवले. आरोप थोडे खरे आणि थोडे फुगवलेले होते. आणि १८८३ च्या नोव्हेंबरात, वर्णभेदबंदीचा कायदा रद्द झाल्याच्या पुढच्याच महिन्यात, त्याने जॉर्ज रफिन यांना न्यायाधीश नेमले. रफिन हे त्या राज्याचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश आणि हार्वर्डच्या विधी महाविद्यालयाचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर. त्या वेळी बटलर फेरनिवडणूक हरलेला होता. पुढच्या वर्षी त्याने अध्यक्षपदाची निवडणूकही लढवून पाहिली. पावणेदोन लाखांच्या आसपास मते पडली.

त्याच्या शत्रूंनी लिहिलेल्या चरित्रांत सहसा न आढळणारा एक प्रसंग आहे. बटलरने ज्याला फासावर चढवले, त्या ममफर्डची विधवा मेरी युद्धानंतर मुलांसह विपन्नावस्थेत होती. तिने अखेर बटलरकडेच दाद मागितली. त्याने तिचे कर्ज निस्तरायला मदत केली आणि तिला वॉशिंग्टनमध्ये सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी मिळवून दिली. ती सुटल्यावर दुसरी पाहून दिली. हे त्याने निवडणुकीच्या सभेत मिरवले नाही, एवढ्यावरूनच त्याच्या इतर औदार्यापेक्षा ते वेगळे ठरते.

१८९२ मध्ये त्याने हजारावर पानांचे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यात प्रत्येक पराभवाचा दोष वेस्ट पॉइंटच्या कोणा ना कोणा पदवीधरावर आहे. ११ जानेवारी १८९३ रोजी, सर्वोच्च न्यायालयातल्या कामासाठी वॉशिंग्टनला आला असताना, त्याचा मृत्यू झाला. वय ७४. लोवेलमध्ये पत्नीच्या माहेरच्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्याला पुरण्यात आले.

फोर्ट मन्रोमधून लष्कर १५ सप्टेंबर २०११ रोजी बाहेर पडले आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला अध्यक्ष बराक ओबामा यांनी त्याला राष्ट्रीय स्मारक घोषित केले. इंग्रजांच्या व्हर्जिनिया वसाहतीत पहिले आफ्रिकी बंदिवान १६१९ च्या ऑगस्टमध्ये ज्या भूशिरावर उतरवले गेले, ते पॉइंट कम्फर्ट म्हणजे हा किल्ला उभा आहे तीच जागा. बेकर, मॅलरी आणि टाउनसेंड यांची होडी २४२ वर्षांनी तिथेच येऊन लागली होती.